मुक्याचा घसा

कुत्र्याचा खालचा जबडा एकाएकी लोंबू लागतो. तोंड मिटत नाही, लाळेची धार लागते, पुढे ठेवलेल्या पाण्यात ते जीभ बुडवते पण घोट काही खाली उतरत नाही. भुंकू गेले तर घोगरा, न ओळखता येणारा आवाज निघतो. गोव्यातल्या कोणत्याही वाड्यावर हे दृश्य दिसले की पाच-दहा माणसे जमतात आणि त्यांतला एखादा जाणता निदान करून मोकळा होतो : ‘हाड अडकले आहे!’ मग घरधनी जबडा फाकवून धरतो, दुसरा कोणी विजेरीचा उजेड पाडतो आणि तिसरा धीराचा गडी मनगटापर्यंत हात त्या तोंडात घालतो. हाड सापडत नाही. हाताला दोन-चार ओरखडे उठतात, लाळेने माखलेले बोट कमरेच्या पंचाला पुसले जाते आणि मंडळी आपापल्या कामाला लागतात.

पिसाळलेले कुत्रे म्हटले की डोळे लाल झालेले, दिसेल त्याला चावत सुटलेले जनावर आपल्या डोळ्यांपुढे येते. त्याच रोगाचा दुसरा, मुका प्रकार आहे आणि तो वर वर्णिल्याप्रमाणेच दिसतो. त्यात कुत्रे चावत नाही. त्याच्या जबड्याचे व घशाचे स्नायू लुळे पडतात. रोगाचे विष मात्र लाळेत असते आणि ते माणसाच्या अंगात शिरायला दात लागावाच असे नाही, ओरखडा किंवा ओठाचे चिरलेले कातडेही पुरते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही असेच समजून चालावे लागते. असा हात ज्याने घातला असेल त्याने तो वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावा व त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी, हे आम्ही येथे प्रथमच सांगून टाकतो, कारण पुढचे सारे विवेचन वाचायला वेळ नसला तरी एवढे वाचून ठेवणे अगत्याचे आहे.

गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. वर्षानुवर्षे दारोदार फिरून व रस्तोरस्ती जाळी टाकून कुत्र्यांना लस टोचणाऱ्या मिशन रेबीजच्या व सरकारी खात्याच्या कार्यकर्त्यांचे ते श्रेय आहे आणि ते आम्ही मोकळ्या मनाने देतो. परंतु रोग नियंत्रणात आला म्हणजे तो सीमेपलीकडेच थांबला असे होत नाही. दोडामार्गाहून किंवा कारवारहून येणाऱ्या कुत्र्याला तपासणी नाक्यावर कोणी अडवत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या कुत्र्याच्या घशात खरोखरीच हाड रुतले आहे, बेतुलच्या किंवा शापोराच्या धक्क्यावर आमिषासकट ज्याने गळ गिळला आहे, त्याचीही लाळ गळते, त्यालाही गिळता येत नाही. जबड्याच्या मज्जातंतूला निव्वळ सूज येऊन तोंड लोंबणारी कुत्रीही असतात आणि ती काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. भीती बसली की लोक या साऱ्यांना एकाच काठीने हाकतात. हाड म्हणून हात घालणारा आणि रेबीज म्हणून धोंडा घालणारा, दोघांचीही अडचण एकच आहे : त्या घशाच्या आत काय चालले आहे हे त्यांना दिसत नाही, आणि ज्याचा घसा आहे त्याला बोलता येत नाही.

दिसण्याचे साधन मात्र सव्वाशे वर्षांहून जुने आहे. विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण प्रथम पाहिले आणि १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. घसा व श्वासनलिका यांच्या बाबतीत तर निसर्गाने या किरणांना विशेष साह्य केलेले आहे. पोटातली इंद्रिये चित्रात एकमेकांना चिकटलेल्या करड्या ढगांसारखी उमटतात आणि त्यांतून अर्थ काढताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. घशात हवा खेळत असते. हवा किरणांना अडवीत नाही, म्हणून ती चित्रात काळी दिसते; आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर जिभेचे मूळ, मऊ टाळू, स्वरयंत्रावरचे झाकण, अन्ननलिकेचे तोंड आणि तेथून छातीत उतरणारी श्वासनलिकेची काळी नळी अशी सारी रेखाटणी सुबोध होते. कसलेही औषध न पाजता, जनावराला कापाकापी न करता हे दिसते. गळ तर असा स्वच्छ दिसतो की त्याचे टोक कोणत्या बाजूला वळले आहे हेही सांगता यावे. अशा वेळी तोंडाबाहेर लोंबणारी तंगूस ओढणे किती घातक, हे ते चित्र पाहिलेल्या माणसाला पुन्हा सांगावे लागत नाही.

पण यंत्र आणून बसवले, बटण दाबले आणि निदान बाहेर पडले, असे जर कोणाला वाटत असेल तर त्याने या शास्त्राची थोडी ओळख करून घ्यावी. सरकारी खरेदीची आमच्याकडची परंपरा पाहता हे बजावणे आम्हांला आवश्यक वाटते. कुत्र्याची मान समोरून टिपली तर श्वासनलिका व कण्याची हाडे एकावर एक पडतात आणि फारसे काही हाती लागत नाही; चित्र बाजूनेच घ्यावे लागते. त्यातही मान कशी ठेवली यावर सारे अवलंबून असते. हनुवटी छातीकडे झुकली तर निरोगी श्वासनलिका मध्येच वाकते आणि जणू एखाद्या गाठीने तिला ढकलले आहे असा भास होतो. मान जास्त ताणली तर छातीच्या दारापाशी ती नळी अरुंद दिसते आणि नसलेला रोग कागदावर येतो. अंग थोडे कलते राहिले तर घशाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर सरकतात व सूज नसताना सूज दिसते. प्राणी नेमका त्याच क्षणी गिळत असेल तर सारा घसा आक्रसलेला दिसतो. जनावराला हे समजावून सांगता येत नाही. ‘श्वास रोखून धरा’ असे मांजराला सांगणारा वैद्य अजून जन्मायचा आहे.

याहून मौजेचा, आणि प्रसंगी जिवावर बेतणारा, प्रकार हाडांच्या बाबतीत घडतो. जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राला वरून टांगून धरणारी, बारीक हाडांची एक चौकट प्रत्येक कुत्र्या-मांजराला जन्मतःच असते. तिला कंठिकास्थी म्हणतात. नवख्या डोळ्याला ती हुबेहूब कोंबडीच्या अडकलेल्या हाडासारखी दिसते. मोठ्या जातीच्या वयस्क कुत्र्यांत स्वरयंत्राची कूर्चाही चुना साचून पांढरी पडते आणि तीही परकी वस्तू म्हणून नोंदली जाऊ शकते. म्हणजे वाड्यावरचा जाणता जी चूक बोटांनी करतो तीच चूक अशिक्षित डोळा यंत्राच्या साह्याने करू शकतो. फरक इतकाच की दुसरीवर शिक्का असतो. उलटपक्षी, जे अडकले आहे ते दिसत नाही असेही होते. तारलीचा बारीक काटा चित्रात उमटेलच याची खात्री नाही. फेकलेली काठी झेलताना टाळूतून आत घुसलेला लाकडाचा कपचा तर बहुधा दिसतच नाही; त्याच्या जखमेतून मानेच्या मांसात शिरलेले हवेचे काळे बुडबुडे मात्र जाणत्याला दिसतात आणि तेवढ्या धाग्यावरून तो मूळ कारणापर्यंत पोचतो.

आता आपल्या घरोघरच्या पॉमेरेनियनचे पाहू. पणजी-मडगावच्या सदनिकांतून हा पांढरा गोळा वावरताना कोणी पाहिला नाही? वय वाढले की त्याला एक विचित्र खोकला लागतो. बदकाने किंवा हंसाने ओरडावे तसा तो कर्कश वाजतो आणि आनंदाच्या भरात, पट्टा ओढल्यावर किंवा पाणी पिताना उसळतो. कुत्र्याची श्वासनलिका कूर्चेच्या साधारण ३५ ते ४५ कड्यांची असते. या कड्या वर्तुळासारख्या पूर्ण नसतात, पाठीकडच्या बाजूला उघड्या असतात आणि तेथे स्नायूंचा पडदा ताणलेला असतो. छोट्या जातींत ही कूर्चा मऊ पडते व नळी चपटी होऊ लागते. मानेतला भाग श्वास आत घेताना मिटतो, छातीतला भाग श्वास सोडताना मिटतो. यावरूनच ध्यानी येईल की एका क्षणी टिपलेले एकच चित्र येथे अपुरे आहे. श्वास घेताना एक व सोडताना एक, अशी किमान दोन हवीत आणि त्यांत मान व छाती दोन्ही यावयास हवी. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, हा विकार असलेल्या ६२ कुत्र्यांच्या अभ्यासात असे आढळले की स्थिर चित्राने ४४ टक्के कुत्र्यांत नळी मिटण्याची जागाच चुकीची दाखविली आणि ८ टक्क्यांत रोग अजिबात दाखविला नाही. चलत् क्ष-किरण चित्रण, ज्याला डॉक्टर फ्लुओरोस्कोपी म्हणतात, त्यात खोकताना नळी मिटते-उघडते ती डोळ्यांपुढे दिसते. ते उपकरण प्रत्येक तालुक्याला हवे असा हट्ट आम्ही धरणार नाही. पण ‘एक्स-रे चांगला आहे, कुत्र्याला काही झालेले नाही’ असे सांगून ज्या घरधन्याला परत पाठविले जाते, त्याने ते वाक्य वेदवाक्य मानू नये. त्याने गळपट्टा काढून छातीभोवती बांधायचा पट्टा घ्यावा, कुत्र्याचे वजन उतरवावे, घरात धूर करू नये आणि खोकला टिकला तर पुन्हा दार ठोठावावे. कधी कधी गुन्हेगार घसा नसतोच. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्याचे हृदय फुगते, ते खालून श्वासनलिकेला वर उचलते, आणि घशाचे औषध घेत घेत जनावर हृदयविकाराने जाते. तेही त्याच बाजूच्या चित्रात दिसले असते.

पग नावाच्या चपट्या नाकाच्या कुत्र्याबद्दल लिहिताना मात्र आमची लेखणी थोडी कडक होते. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत असे एक कुत्रे शाळकरी मुलामागे धावताना दिसले आणि देशभर त्याची हौस पसरली. तोंड आखूड केले तरी आतले मांस आखूड होत नाही. लांब, जाड टाळू मागे स्वरयंत्रावर लोंबतो, नाकपुड्या मिटलेल्या असतात. बुलडॉगच्या जातीत तर श्वासनलिकाही जन्मतः अरुंद असण्याचा संभव असतो. निरोगी कुत्र्यात बाजूच्या चित्रावर मोजले असता ही नळी छातीच्या दाराच्या सुमारे एक पंचमांश रुंद असते; बुलडॉगमध्ये ते प्रमाण पुष्कळच खाली जाते. कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसते, तेव्हा ज्याला धापही धडपणे टाकता येत नाही त्या प्राण्याचे काय होत असेल याचा विचार पिल्लू विकत घेणाऱ्याने करावा. त्याचे घोरणे ऐकून पाहुणे हसतात. ते घोरणे म्हणजे गुदमरणे आहे. येथे क्ष-किरण चित्राचा उपयोग उपचाराआधी पैदाशीला व्हावा असे आमचे मत आहे : ज्या नर-मादीची नळी अरुंद आहे त्यांची पिल्ले बाजारात येऊच नयेत.

मांजराच्या दुखण्याकडे आपल्याकडे कोणी पाहतच नाही. ते कोपऱ्यात जाऊन बसले की ‘घर सोडणार’ म्हणून विषय संपतो. दोऱ्याशी खेळताना सुई गिळलेले मांजर मान ताठ करून बसते, लाळ गाळते, पंजाने तोंड ओरबाडते. सुई चित्रात लख्ख दिसते. दोरा दिसत नाही, तो बहुधा जिभेखाली अडकलेला असतो आणि ओढू नये. तरुण मांजर घरघरत, घोरत श्वास घेऊ लागले तर त्याला सर्दीची औषधे महिनोन् महिने दिली जातात. मध्यकर्णात किंवा कान व घसा यांना जोडणाऱ्या नळीत उगवून टाळूच्या वर वाढणारी एक निरुपद्रवी गाठ मांजरांत होते. बाजूच्या चित्रात टाळूच्या वरची काळी पोकळी जेथे भरून आलेली दिसते तेथे ती सापडते, आणि कानापर्यंतचा तिचा माग काढायला सीटी स्कॅन अधिक उपयोगी पडतो. ती काढता येते. मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकू लागले तर मात्र ती घटका चित्राची नव्हे. त्याला दाबून टेबलावर आडवे करण्याच्या झटापटीत ते जाते. आधी प्राणवायू, निवांत अंधारी जागा, आणि श्वास सावरल्यावर यंत्र, हा क्रम ज्या रुग्णालयात पाळला जात नाही तेथे यंत्र नसलेले बरे.

आणि यंत्राला जे दिसत नाही तेही कबूल करावे. उतारवयातल्या लॅब्राडोरचा आवाज बसतो, थोडे चालले की तो घर्र घर्र करू लागतो. त्याच्या स्वरयंत्राच्या झडपा लुळ्या पडून श्वास घेताना उघडत नाहीत. याचा निवाडा साध्या चित्रावर होत नाही, हलकी भूल देऊन घशात डोकावावे लागते. अलीकडे मानेवरून ध्वनिलहरींच्या तपासणीनेही झडपांची हालचाल पाहतात. छातीचे चित्र तरीही काढावे, कारण अन्न श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज आली आहे काय हे तेथे कळते. पिल्लांच्या साथीच्या खोकल्याला बहुधा कसलेच चित्र लागत नाही. त्याला चित्र काढायला लावणारा दवाखाना आपली यंत्राची किंमत वसूल करीत आहे असे खुशाल समजावे.

‘माणसांना इस्पितळात खाट मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्या-मांजरांच्या एक्स-रेच्या गोष्टी करता?’ हा प्रश्न आम्हांला विचारला जाणार हे आम्ही जाणून आहोत. प्रश्न रास्त आहे. त्याला दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांचा दाखला देऊन आम्ही उत्तर देणार नाही. ज्या राज्याने रेबीजच्या विरुद्ध एवढा पैसा व एवढे श्रम खर्ची घातले, त्या राज्यात लाळ गळणारे कुत्रे पाहिल्यावर माणसाने कोठे जावे याला सरळ उत्तर नसेल तर तो खर्च गळक्या घागरीत ओतल्यासारखा होईल. लसीची नोंद नसलेल्या, जबडा लोंबलेल्या कुत्र्याला हाताने धरून यंत्राखाली घालायचे नसते. त्याला आधी वेगळे कोंडायचे असते. हे जाणणारा माणूस दारात असणे ही यंत्राच्याही आधीची गरज आहे, आणि तिचा लाभ सर्वप्रथम माणसाला होतो. शिवाय वाहून नेता येणारे तेच यंत्र पाय मोडलेल्या वासरालाही लागते. शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी म्हणून ते घ्यावे आणि त्यावर मांजराचा घसाही पाहावा, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

मुंबईला परळ येथे जनावरांसाठी बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकात उभे राहिले. त्याच मुंबईत महालक्ष्मीला टाटा न्यासाचे छोट्या प्राण्यांचे पाच मजली रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. तेथे सीटी स्कॅनसारखी साधनेही आहेत. गुदमरणारे कुत्रे घेऊन पणजीहून तेथवर साडेपाचशेहून अधिक किलोमीटर कोणी जाऊ शकत नाही. चित्र मात्र जाऊ शकते. आज फिल्म धुण्याची भानगड उरलेली नाही. आकडी यंत्रावर उतरलेले चित्र काही पळांत परळच्या तज्ज्ञापुढे ठेवता येते. म्हणजे गोव्यात आपल्याला हवे आहे ते नीट चित्र घेणारे हात, आणि परक्या डोळ्याशी बांधलेला करार. हे हातही किरणांच्या झोताबाहेर राहायला हवेत. जनावराला दर वेळी माणसाने धरून ठेवावे ही सवय मोडायला हवी. वाळूच्या पिशव्या, पट्टे आणि बेताची गुंगी त्यासाठीच असतात. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ क्ष-किरण यंत्रांच्या वापरावर देखरेख करते, आणि त्याचे नियम जनावरांच्या दवाखान्यात शिथिल होतात असा समज कोणी करून घेऊ नये.

पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा संचालनालयाकडे आमचे मागणे तूर्त एवढेच आहे. कोणत्या सरकारी पशुरुग्णालयात क्ष-किरण यंत्र आहे, ते आज चालू आहे की झाकून ठेवले आहे, कोणत्या वारी ते चालविणारा माणूस हजर असतो, आणि रात्री-अपरात्री लाळ गळणारे कुत्रे दिसल्यास कोणत्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, याची एका पानाची यादी खात्याने छापावी आणि ती प्रत्येक पंचायतीच्या फळ्यावर लागावी. ती चतुर्थीपूर्वी लागली तर उत्तम. चतुर्थी झाली की घरोघरचा श्रावणाचा शिवराक संपतो, ट्रॉलर समुद्रात गेलेलेच असतात, खाडीकाठी पोरे गरवायला बसतात आणि काटे, डोकी व गळ पुन्हा परसात पडू लागतात.